होई आनच्या घरगुती गेस्ट हाऊसमध्ये एकट्याने बस्तान बसवताना: खान्देशातून निघणाऱ्या प्रवाशांसाठी

खान्देशातून परदेशी जाणारी माणसे अजूनही बहुतकरून सहल कंपनीच्या गटाबरोबर जातात, कारण गटात जेवण, भाषा आणि मुक्काम या तिन्ही गोष्टींची काळजी दुसरे कोणीतरी वाहते. एकट्याने निघणाऱ्याला ती स्वतः वाहावी लागते. माझ्या मते त्यातली निम्म्याहून अधिक काळजी मुक्कामाचे घर नीट निवडल्याने आणि त्या घरात पहिल्या दोन दिवसांत व्यवस्थित बस्तान बसवल्याने मिटते. हा लेख व्हिएतनाममधील होई आन हे गाव डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. थू बोन नदीकाठचे हे जुने व्यापारी बंदर १९९९ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. गाव सपाट असल्याने सायकलवर सहज फिरता येते, आणि खालच्या मजल्यावर कुटुंब, वर पाहुण्यांच्या काही खोल्या अशी घरगुती गेस्ट हाऊस तेथे भरपूर आहेत. तेथे त्यांना सर्रास होमस्टे म्हणतात. पहिल्यांदाच एकट्याने परदेशी राहणाऱ्याला हनोई किंवा हो ची मिन्ह सिटीसारख्या मोठ्या शहरापेक्षा असे गाव अधिक मानवते.

हंगाम आणि घराची निवड

होई आनचा पावसाळा आपल्या पावसाळ्याशी जुळत नाही. तेथे मुख्य पाऊस सप्टेंबरनंतर पडतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थू बोनचे पाणी जुन्या गावातील नदीकाठच्या रस्त्यांवर व घरांत शिरणे ही नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत जाण्याचा मोह टाळावा. कापसाची वेचणी आटोपल्यावर, फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ सर्वांत चांगला. मात्र व्हिएतनामचे नववर्ष, म्हणजे तेत, चांद्र पंचांगाप्रमाणे जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या उत्तरार्धापर्यंत केव्हातरी येते, आणि त्या आठवड्यात कुटुंबे आपापल्या मूळ गावी जातात, दुकाने बंद राहतात, खोल्यांचे दर चढतात. तारीख पाहूनच आरक्षण करावे.

घर निवडताना छायाचित्रांपेक्षा अलीकडच्या पाहुण्यांचे अभिप्राय वाचावेत, आणि त्यातही एकट्याने राहिलेल्यांचे. यजमान रात्री घरातच राहतात का, दार किती वाजता बंद होते, खोलीला खिडकी आहे का, हे प्रश्न आधी संदेश पाठवून विचारावेत. खिडकीचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण तेथील घरे बहुधा अरुंद आणि लांबलचक असतात, आणि मधल्या खोल्यांना कित्येकदा बाहेरची खिडकीच नसते. जुन्या गावाच्या अगदी आत राहण्यापेक्षा सायकलवर पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर, भातखाचरांच्या किंवा समुद्राच्या बाजूला घर घेतले, तर रात्री शांतता मिळते आणि पुराची धास्तीही कमी राहते. आरक्षण सुरुवातीला दोनच रात्रींचे करावे आणि घर पसंत पडल्यास तेथेच बोलून मुक्काम वाढवावा. एका आठवड्यात चार गावे करण्याऐवजी एकाच घरात आठवडा काढण्याच्या मताचा मी आहे. तिसऱ्या दिवसापासून घरातली माणसे आपल्याला ओळखू लागतात, आणि एकट्या प्रवाशाला त्या ओळखीचा फार आधार असतो.

निघण्यापूर्वीची कागदपत्रे आणि पैसे

भारतीय नागरिकाला व्हिएतनामसाठी ई-व्हिसा मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा दिला जातो. एकदा प्रवेशाच्या व्हिसाचे शुल्क २५ डॉलर, तर अनेकदा प्रवेशाच्या व्हिसाचे ५० डॉलर आहे. अर्ज व्हिएतनाम सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच करावा, कारण तसेच दिसणारी आणि कितीतरी जास्त पैसे घेणारी खासगी संकेतस्थळे शोधात आधी वर येतात. आपल्याकडे पासपोर्टवर बहुधा आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचे नाव व वडिलांचे किंवा पतीचे नाव मिळून दुसऱ्या रकान्यात असते. ई-व्हिसा, विमानाचे तिकीट आणि गेस्ट हाऊसचे आरक्षण या तिन्ही ठिकाणी नाव अक्षरशः पासपोर्टप्रमाणेच लिहावे. मधले नाव गाळले, एखादे अक्षर बदलले, तर विमानतळावर खोळंबा होऊ शकतो. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी, आणि व्हिसाची छापील प्रत जवळ ठेवावी.

बँकेच्या कार्डावर परदेशातील व्यवहार आपण सुरू केल्याशिवाय चालू नसतात. ते बँकेच्या ॲपमधून निघण्यापूर्वीच सुरू करावेत आणि मर्यादाही ठरवून घ्यावी. यूपीआयच्या भरवशावर जाऊ नये. थोडे डॉलर रोख, कोऱ्या आणि न दुमडलेल्या नोटांमध्ये, आणि दोन वेगवेगळ्या बँकांची दोन कार्डे, ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेली, एवढी तयारी पुरते. भारतातील सिम बंद करू नये. बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो, म्हणून किमान संदेश मिळण्यापुरते रोमिंग सुरू ठेवावे आणि इंटरनेटसाठी तेथील विएटेल, विनाफोन किंवा मोबिफोनचे सिम घ्यावे.

सामानात काय न्यावे हा आपल्याकडे घरोघरी वादाचा विषय असतो. मेथीच्या दशम्या पहिल्या दिवसासाठी उत्तम, कारण त्या टिकतात आणि विमानतळावर बसूनही खाता येतात. शेंगदाण्याची कोरडी चटणी, भाजलेले नागलीचे पापड आणि मेतकूट एवढे आठवडाभरास पुरे. ओले लोणचे केबिन बॅगेत द्रवपदार्थांत मोजले जाते, त्यामुळे ते अडवले जाते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या ज्वलनशील मानल्या जात असल्याने चेक-इन सामानात चालत नाहीत. पॉवर बँक मात्र केबिन बॅगेतच न्यावी लागते. ताजी फळे, बी-बियाणे आणि रोपे मुळीच नेऊ नयेत. तेथील प्लगच्या छिद्रांत आपली दोन गोल पिनांची पिन बहुधा बसते, जाड तीन पिनांची बसत नाही, म्हणून एक ॲडॉप्टर हवाच.

यजमानांसाठी जळगावच्या केळीच्या वेफर्सचे सीलबंद पाकीट किंवा अशीच एखादी कोरडी वस्तू न्यावी. ती दोन्ही हातांनी द्यावी. त्यांनी पाकीट न उघडता देव्हाऱ्यासारख्या चौरंगावर ठेवले, तर वाईट वाटून घेऊ नये. पूर्वजांना दाखवून मग वस्तू वापरण्याची तेथे रीत आहे.

पोहोचण्याची वेळ

भुसावळ-जळगावकरांनी रात्रीच्या रेल्वेने, धुळेकरांनी नाशिकमार्गे रस्त्याने आणि नंदुरबारकरांनी सुरतमार्गे मुंबई गाठणे सोयीचे. मुंबईहून हनोई किंवा हो ची मिन्ह सिटीला पोहोचून तेथून देशांतर्गत विमानाने दा नांगला उतरावे. दा नांगचा विमानतळ होई आनपासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. दोन्ही तिकिटे वेगळी काढली असतील, तर पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन करून, सामान ताब्यात घेऊन ते पुन्हा जमा करावे लागते, म्हणून मध्ये चार-पाच तासांचा अवधी ठेवावा.

गेस्ट हाऊसवर दिवसाउजेडी पोहोचावे, हा नियम मी सर्वांना, आणि एकट्या निघणाऱ्या स्त्रियांना विशेष आग्रहाने सांगेन. नव्या देशातली अरुंद गल्ली, बंद शटर आणि भाषा न कळणारा टॅक्सीचालक यांचा सामना रात्री अकराला करण्यापेक्षा दुपारी दोनला करणे केव्हाही बरे. खोली बहुधा दुपारी दोननंतर मिळते; लवकर पोहोचल्यास सामान ठेवून घेण्याची विनंती करावी, ती सहसा मान्य होते. विमानतळावरून येण्यासाठी यजमानांनाच गाडी पाठवायला सांगावे किंवा ग्रॅब हे ॲप वापरावे, कारण त्यात भाडे आधीच दिसते.

उंबरठा आणि नोंदणी

दाराशी चपलांची रांग दिसेल. आपल्याही तेथेच काढाव्यात. समोरच्या खोलीत पूर्वजांचा देव्हारा असतो, त्यावर उदबत्ती, फळे आणि दिवा असतो. त्याच्या समोर बॅगा टाकू नयेत, त्याच्याकडे पाय करून बसू नये, त्यावरचे काही हलवू नये. आपल्या घरात देव्हाऱ्याचे जे भान राखले जाते, तेच येथे राखले की पुरे.

यजमान पासपोर्ट मागतील. व्हिएतनामच्या कायद्यानुसार परदेशी पाहुण्याची नोंद स्थानिक पोलिसांकडे करणे ही घरमालकाची जबाबदारी आहे, आणि ती साधारणपणे १२ तासांत करावी लागते. त्यामुळे मागणी रास्त असते. मात्र पासपोर्ट मुक्कामभर त्यांच्याकडे ठेवण्याची गरज नाही. छायाचित्र काढून किंवा नोंद करून तो त्याच दिवशी परत देण्याची विनंती नम्रपणे करावी आणि तो परत घेतल्याशिवाय गावात फिरायला निघू नये. याच वेळी दर, न्याहारी, कर आणि सायकल यांपैकी काय भाड्यात आहे व काय नाही, हे भाषांतराच्या ॲपवर लिहून दोघांनी वाचून घ्यावे. पैशांचे बोलणे पहिल्याच दिवशी झाले की पुढे संबंध निखळ राहतात.

येथे डोंग या व्हिएतनामच्या चलनाच्या नोटांविषयी सांगायलाच हवे. २०,००० आणि ५,००,००० या दोन्ही नोटा निळ्या आहेत, आणि घाईत, कमी उजेडात एकीच्या जागी दुसरी दिली जाते. ५,००,००० ची नोट पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवावी आणि देताना शून्ये मोजावीत.

खोलीतील पहिला तास

बॅग उघडण्यापूर्वी खोली तपासावी. दाराची कडी आतून लागते का, खिडकी बंद होते का, एसी, पंखा आणि पाणी तापवण्याचे यंत्र चालते का, हे पाहावे. त्या यंत्राचे बटण पुष्कळदा न्हाणीघराबाहेर असते. आधीच फुटलेली फरशी, चिरलेला आरसा किंवा डागाळलेली चादर दिसल्यास मोबाइलवर छायाचित्र काढून यजमानांना लगेच दाखवावे. शौचालयात पाण्याचा फवारा बहुतेक ठिकाणी असतो, त्यामुळे आपली त्या बाबतीत गैरसोय होत नाही. नळाचे पाणी पिऊ नये. घरात पिण्याच्या पाण्याचा मोठा जार असतो, त्यातून बाटली भरून घ्यावी.

यानंतर बाहेर पडण्याचे मार्ग पाहावेत, आणि या कामात हयगय करू नये. तेथील अनेक घरांना पुढचा एकच दरवाजा असतो, खिडक्यांना लोखंडी जाळ्या असतात, आणि रात्री घरातल्या दुचाक्या तळमजल्यावर आत आणून ठेवलेल्या असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये हनोईतील एका अरुंद निवासी इमारतीला रात्री आग लागून ५६ माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हा मागचा जिना, गच्चीचे दार आणि त्या दाराची किल्ली कोठे असते, हे पहिल्याच संध्याकाळी विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल, तर दोन रात्रींनंतर घर बदलावे. आरक्षण आखूड ठेवण्याचा हाही एक फायदा. पोलिसांसाठी ११३, अग्निशमनासाठी ११४ आणि रुग्णवाहिकेसाठी ११५ हे क्रमांक मोबाइलमध्ये नोंदवावेत. भारताचा दूतावास हनोईत आणि महावाणिज्य दूतावास हो ची मिन्ह सिटीत आहे. त्यांचे क्रमांक कागदावरही लिहून ठेवावेत.

पहिल्या संध्याकाळी यजमानांशी बोलणे

आपण कोण, किती दिवस राहणार, काय खात नाही आणि रात्री साधारण किती वाजता परतणार, या चार गोष्टी घरातल्या कर्त्या माणसाला पहिल्या संध्याकाळी सांगाव्यात. रात्री दार कोण उघडेल, वेगळी किल्ली मिळेल का, हे तेव्हाच ठरवावे, म्हणजे कोणाला झोपेतून उठवावे लागत नाही. आपल्यापेक्षा थोड्या मोठ्या स्त्रीला ‘चि’, पुरुषाला ‘आन’, आणि आईच्या वयाच्या स्त्रीला ‘को’ म्हणण्याची तेथे पद्धत आहे. आपण ताई, दादा, मावशी म्हणतो तसेच. व्हिएतनामी भाषा मोबाइलच्या भाषांतर ॲपमध्ये इंटरनेटशिवाय चालेल अशी उतरवून ठेवावी. वाक्ये लहान व सरळ लिहावीत, कारण लांब वाक्यांचे भाषांतर बिघडते.

घराची दिनचर्याही याच वेळी समजून घ्यावी. माणसे पहाटे लवकर उठतात, काही वस्त्यांत ध्वनिक्षेपकावरून सार्वजनिक सूचनाही होतात, आणि दुपारच्या जेवणानंतर घर विसावते. साडेअकरा ते दीडच्या सुमारास यजमानांना हाक मारून कामे सांगू नयेत. हवेत दमटपणा फार असतो; खान्देशात दोन तासांत कडक वाळणारा कपडा तेथे खोलीत दिवसभर ओलाच राहतो. कपडे गच्चीवर वाळत घालू का, असे विचारावे किंवा किलोवर धुऊन देणाऱ्यांकडे द्यावेत. डासांसाठी मलम किंवा फवारा जवळ असावा, कारण डेंग्यू तेथेही आहे.

जेवणाची घडी

शाकाहारी माणसाला सर्वांत मोठी धास्ती जेवणाची असते, आणि ती योग्य माहिती असल्यास बरीच कमी होते. शाकाहाराला तेथे ‘आन चाय’ म्हणतात आणि त्यामागे बौद्ध परंपरा आहे. अनेक कुटुंबे चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी शाकाहार करतात. आपल्या पंचांगानुसार हे दिवस साधारण अमावास्या-प्रतिपदा आणि पौर्णिमेच्या आसपास येतात. म्हणून आपले कॅलेंडर सोबत असले, तर कोणत्या दिवशी बाजारात शाकाहारी पदार्थ अधिक मिळतील याचा अंदाज येतो. पौर्णिमेच्या सुमारासच, चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री, जुन्या गावात विजेचे दिवे मंद करून कंदील लावतात. मुक्कामाचे दिवस निवडताना ही तिथीही पाहावी.

परंपरेने चालणाऱ्या ‘चाय’ स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, मात्र कंदमुळे चालतात. जैन प्रवाशांनी बटाटा, गाजर आणि मुळा यांविषयी वेगळे सांगावे. सोयाबीन किंवा गव्हाच्या प्रथिनांपासून बनवलेले, दिसायला मांसासारखे पदार्थ या भोजनालयांत मिळतात, त्यांनी दचकू नये. खरी अडचण साध्या उपाहारगृहांत येते. तेथे पालेभाजीतसुद्धा ‘नुओक माम’ हा माशांचा सॉस घालतात आणि नूडल्सचे पाणी हाडांचे असते. केवळ मांस काढून ठेवल्याने पदार्थ शाकाहारी होत नाही. यावर मला सर्वांत खात्रीचा वाटतो तो उपाय असा की यजमानीणबाईंकडून त्यांच्या भाषेत एक चिठ्ठी लिहून घ्यावी: मांस, मासे, अंडी, माशांचा सॉस आणि हाडांचे पाणी चालत नाही, भात, टोफू, भाज्या, शेंगदाणे चालतात. ती मोबाइलमध्येही ठेवावी आणि प्रत्येक दुकानात दाखवावी. घरच्या माणसाने लिहिलेली चिठ्ठी दुकानदार ॲपच्या भाषांतरापेक्षा अधिक लक्ष देऊन वाचतात.

न्याहारीला भात, टोफू, ब्रेड आणि फळे मागता येतात. केळी तर मुबलक असतात, आणि शेंगदाण्यांचा वापर आपल्यासारखाच सढळ असल्याने चव फार परकी वाटत नाही. स्वयंपाकघर वापरायचे असल्यास परवानगी घ्यावी, यजमानांचा स्वयंपाक आटोपल्यावर जावे आणि भांडी घासून जागच्या जागी ठेवावीत. मिरचीचा ठेचा किंवा खमंग फोडणी बंद घरात करू नये. त्या ठसक्याने वरच्या खोल्यांतील पाहुण्यांनाही त्रास होतो. खोलीतल्या किटलीत केवळ पाणी तापवावे, तिच्यात खिचडी किंवा नूडल्स शिजवू नयेत. एखाद्या संध्याकाळी आपले पापड आणि चटणी घरातल्यांबरोबर खाण्याचा प्रस्ताव ठेवला, तर तो बहुधा आनंदाने स्वीकारला जातो, आणि खान्देशी माणसाला यापेक्षा सोपा परिचय दुसरा नाही.

पहिले दोन दिवस आणि फिरणे

पहिल्या दिवशी घराभोवतीचा एक किलोमीटर पायी पाहावा: बाजार, औषधांचे दुकान, एटीएम, शाकाहारी भोजनालय. घराचे नाव-पत्ता असलेले कार्ड खिशात ठेवावे. जुन्या गावातील वास्तूंसाठी परदेशी पाहुण्यांना १,२०,००० डोंगांचे तिकीट घ्यावे लागते आणि त्यात पाच ठिकाणे पाहता येतात. ते दुसऱ्या दिवशीही घेता येईल. सुमारे ४० किलोमीटरवरील मी सन येथील चंपा राजांची प्राचीन शिवमंदिरे आपल्याला जवळची वाटतील, पण तेथे तिसऱ्या-चौथ्या दिवशी, यजमानांकडून गाडी ठरवून, उन्हे चढण्यापूर्वी पोहोचावे.

स्कूटर भाड्याने घेण्याचा आग्रह होईल. भारतात मिळणारा वाहन चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते वाहतुकीविषयीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय कराराखालील आहे आणि व्हिएतनाम १९६८ च्या कराराचा परवाना मानते. त्यामुळे तो तेथे वैध धरला जात नाही, आणि अपघात झाल्यास प्रवास विम्याचा दावाही अडकतो. गेस्ट हाऊसची सायकल घ्यावी. गाव तेवढ्यात होते.

घरच्यांशी बोलण्याची वेळ ठरवून टाकावी. व्हिएतनामचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, म्हणून खान्देशातली रात्रीची साडेआठ म्हणजे तेथील दहा. विशेषतः मुलगी एकटी गेली असेल, तर घरमालकाचा क्रमांक, घराचा पत्ता आणि त्या दिवसाचा बेत घरी कळवलेला असावा. अनोळखी सहप्रवाशांना मात्र खोलीचा क्रमांक किंवा एकटे असल्याचे सांगू नये.

निघताना

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी कपडे, पाणी, सायकल आणि जेवणाचा हिशेब मागून चुकता करावा, आणि विमानतळाच्या गाडीची वेळ पक्की करावी. खोली साधारण दुपारी बारापर्यंत सोडायची असते. विमान संध्याकाळचे असेल, तर सामान ठेवू देण्याविषयी आणि आंघोळीची सोय होईल का याविषयी आधीच विचारावे. उरलेले डोंग व्हिएतनाममध्येच बदलून घ्यावेत, कारण जळगाव-धुळ्यात ते घेणारा सापडणे कठीण असते. पासपोर्ट, व्हिसाची प्रत आणि दोन्ही कार्डे गाडीत बसण्यापूर्वी हातात घेऊन तपासावीत, आणि दा नांगच्या विमानाच्या किमान तीन तास आधी होई आन सोडावे.